नर्तकीचा वेष आणि गृहिणीचा पदर

बुलढाणा जिल्ह्यात पैनगंगेच्या काठी वसलेले मेहकर हे गाव दोन गोष्टींसाठी दूरवर ठाऊक आहे. पहिली, शारंगधर बालाजीची भव्य कृष्णवर्ण मूर्ती. ती १८८८ साली जमिनीतून निघाली आणि तिचे देऊळ हे गावाचे भूषण होऊन राहिले. दुसरी, कंचनीचा महाल. महाल म्हणावे असे तेथे आता फारसे उरलेले नाही. पडक्या भिंती तेवढ्या उभ्या आहेत. आख्यायिका मात्र शाबूत आहे. कंचनी नावाची एक नर्तकी होती, लोणारच्या कमळजा देवीचा दिवा आपल्या घरातून दिसावा अशी तिला हौस वाटली, आणि त्यासाठी तिने मजल्यावर मजला चढवीत हा महाल उभारला, असे लोक सांगतात. मेहकरला आयुष्य घालविलेले कवी ना. घ. देशपांडे (१९०९–२०००) यांच्या एका काव्यसंग्रहाचे नावही ‘कंचनीचा महाल’ असेच आहे.

परंतु ‘कंचनी’ हे खरे पाहता एका बाईचे नाव नव्हे. मोगल अमदानीत नाचगाणे करणाऱ्या स्त्रियांचा एक वर्गच या नावाने ओळखला जाई, आणि सतराव्या शतकात हिंदुस्थानात आलेल्या फ्रान्स्वा बर्निये या फ्रेंच प्रवाशाने त्यांची हकीकत लिहून ठेवली आहे. म्हणजे गावाने महाल लक्षात ठेवला, पण जिने तो बांधला म्हणतात तिचे नाव विसरून तिचा धंदा तेवढा स्मरणात ठेवला, असे म्हणावे लागते. अशा दरबारी नर्तकींच्या अंगावरचा मानाचा पोशाख म्हणजे पेशवाज. वर छातीशी घट्ट, कमरेपासून खाली घेरदार, आणि गिरकी घेतली की छत्रीसारखा उमलणारा असा तो पायघोळ झगा असे. आज कोणत्याही तालुक्याच्या कापडबाजारात मुलींसाठी ‘अनारकली’ या नावाने जो पोशाख मांडलेला असतो, त्याची ठेवण हीच आहे. त्याचे नावही एका नर्तकीचेच. इम्तियाज अली ताज यांच्या १९२२ सालच्या उर्दू नाटकातून, पुढे १९५३ च्या ‘अनारकली’ व १९६० च्या ‘मुगल-ए-आझम’ या बोलपटांतून ही अनारकली घरोघरी पोहोचली. त्याच बाजारात, त्याच मुलीच्या पायासाठी, ‘बेली’ नावाची टाच नसलेली हलकी चप्पलवजा जोडी मिळते. युरोपातील बॅले नर्तकीला ‘बॅलेरिना’ म्हणतात. ‘बेली’ हा त्याच शब्दाचा घरगुती अपभ्रंश दिसतो.

तेव्हा महाविद्यालयात जाणारी एखादी मुलगी डोक्यापासून पायापर्यंत दोन खंडांतील नर्तकींचा वेष घालून घराबाहेर पडते, आणि आजीला त्यात वावगे काहीच दिसत नाही. हीच मुलगी ‘मी नर्तकी होणार’ असे म्हणाली असती, तर त्या घरात दोन पिढ्यांपूर्वी काय प्रसंग ओढवला असता, याची कल्पना कोणीही करू शकेल. वेष स्वीकारावा आणि वेष घालणारीला उंबऱ्याबाहेर ठेवावे, हा प्रकार नवा नाही. नर्तकीचे वस्त्र घरात थेट येत नाही. ते कोणाच्या तरी हातून सोवळे होऊन येते. हा मध्यस्थ कोण असतो आणि तो हे काम कसे करतो, हे पाहिले म्हणजे स्त्रियांच्या पोशाखाचा इतिहास बराचसा उलगडतो.

प्रथम युरोपाकडे पाहू जाता, तेथील बॅलेचा जन्मच दरबारात झाला आणि प्रारंभी नर्तकी दरबारी स्त्रियांचाच अवजड पोशाख घालून नाचत. अठराव्या शतकात मारी कामार्गो या पॅरिसच्या नर्तकीने आपल्या पायांचे कसब लोकांना दिसावे म्हणून घागरा घोट्याच्या वर घेतला. तिचीच प्रतिस्पर्धी मारी साले हिने १७३४ साली लंडनमध्ये कमरेभोवतीचा सांगाडा टाकून साध्या मलमलीच्या वस्त्रात, मोकळ्या केसांनी नृत्य केले. नंतर १८३२ साली ‘ला सिल्फीद’ या बॅलेत मारी टाग्लिओनी ही पांढऱ्या झिरझिरीत घागऱ्यात, पावलांच्या अग्रावर तोल सांभाळीत परीच्या भूमिकेत अवतरली, आणि बॅलेरिना म्हटली की जे चित्र डोळ्यांपुढे येते ते तेव्हापासून कायम झाले. वस्तुतः तिचा वेष म्हणजे त्या काळच्या श्रीमंत स्त्रियांच्या संध्याकाळच्या पोशाखाचेच हलके केलेले रूप होते. रंगभूमीने घरचे वस्त्र उचलले, त्यातील ओझे काढले, आणि परीचे नाव देऊन ते घरालाच परत केले. परीचे अनुकरण करण्यात कुलीन स्त्रीला कमीपणा वाटण्याचे कारण नव्हते. नाचणाऱ्या बाईचे अनुकरण करण्यात मात्र होते. युरोपातील पहिला मध्यस्थ असा हा परीचा मुखवटा होय.

या झिरझिरीतपणाची किंमत मात्र नर्तकीने मोजली. एमा लिव्री या विशीतल्या नर्तकीचा घागरा १८६२ साली पॅरिसमध्ये सरावाच्या वेळी दिव्याच्या ज्योतीने पेटला, आणि आठ महिने यातना भोगून १८६३ मध्ये ती मरण पावली. कापड पेट घेऊ नये म्हणून ते एका द्रावणात बुचकळण्याची सोय तोवर निघाली होती. परंतु त्याने वस्त्र ताठर व मळकट दिसते म्हणून तिने ती नाकारली होती. त्याच वर्षांत घरोघरच्या स्त्रियाही फुगीर घागऱ्यांत वावरत होत्या, आणि चुलीपाशी व मेणबत्तीपाशी त्यांचीही वस्त्रे पेटत होती. अमेरिकन कवी लाँगफेलो यांच्या पत्नीचा १८६१ साली राहत्या घरात असाच अंत झाला. घर आणि रंगभूमी यांच्यामध्ये केवळ सौंदर्याचीच देवघेव होते असे नाही, धोक्याचीही होते.

विसाव्या शतकात मध्यस्थाचे काम शिंपीदादाने पत्करले. सन १९१० मध्ये रशियन बॅले मंडळीने पॅरिसमध्ये ‘शेहेराजाद’ हा अरबी कथेवरील बॅले सादर केला. लेओं बाक्स्त या चित्रकाराने त्यासाठी रेखलेले भडक निळे, हिरवे, नारिंगी वेष पाहून शहर वेडावून गेले. दुसऱ्याच वर्षी पॅरिसचे प्रख्यात वस्त्ररचनाकार पॉल पोआरे यांनी ‘एक हजार दुसरी रात्र’ या नावाची मेजवानी देऊन पाहुण्यांना पौर्वात्य वेषात येण्यास सांगितले. आपल्या कल्पना बाक्स्तपासून घेतलेल्या नाहीत असे पोआरे सांगत. पण फेटे, सैल सलवारी आणि घेरदार अंगरखे यांची लाट या दोघांनी मिळूनच युरोपभर नेली, हे खोटे नाही. गंमत अशी की, हिंदुस्थानात जो वेष कंचनीचा म्हणून घरंदाज बाई अंगाला लावून घेत नव्हती, तशाच धाटणीचा वेष पॅरिसची सरदारीण हौसेने मिरवीत होती. अंतर पुष्कळ असले की वस्त्राला चिकटलेला कलंक वाटेत गळून पडतो.

बॅलेच्या पादत्राणांची कथा याहून साधी आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत कातडी जोड्यांवर मापबंदी आली, तेव्हा नृत्याची मऊ पादत्राणे तीतून सुटली होती. क्लेअर मॅकार्डेल या वस्त्ररचनाकर्तीने कपेझिओ या नृत्यसाहित्याच्या कारखान्याकडून त्यांना टिकाऊ तळ बसवून घेतला, आणि ती रस्त्यावर चालण्याजोगी झाली. पुढे १९५६ साली पॅरिसच्या रोझ रेपेटो यांनी ब्रिजित बार्दो या नटीसाठी तशीच जोडी शिवली. बार्दोने बालपणी बॅलेचे शिक्षण घेतलेले होते. नटीच्या पायांतून ती जोडी जगभर गेली आणि आपल्याकडे ‘बेली’ झाली. टंचाई हादेखील एक मध्यस्थच म्हणावयाचा. निरुपायाने घेतलेल्या वस्तूला कोणी नावे ठेवीत नाही.

आता महाराष्ट्राकडे वळावे. बुलढाणे ज्या अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसले आहे, त्याच रांगेतील लेण्यांत, पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात, महाजनक जातकाच्या चित्रांत एक नर्तकी वादक स्त्रियांच्या मेळ्यात नाचताना दाखविलेली आहे. तिच्या अंगात लांब बाह्यांची, शिवलेली, अंगालगत बसणारी चोळी आहे. राण्या आणि दासी बहुतेक न शिवलेल्या वस्त्रांत असताना नर्तकीच्या अंगावर असे शिवलेले वस्त्र असावे, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. नृत्याच्या हालचालीत वस्त्र जागच्या जागी राहणे हीच त्याची पहिली गरज असते. या लेण्यांची कीर्ती जगभर झाल्यावर रशियन नर्तकी ॲना पाव्हलोव्हा हिने १९२३ साली लंडनमध्ये ‘अजंता फ्रेस्कोज’ नावाचा बॅले बसविला. त्याच वर्षी तिने उदयशंकर या हिंदी तरुणाला बरोबर घेऊन राधाकृष्णाचे नृत्य रंगभूमीवर आणले. ज्या देशात नाच हा शब्द शिष्ट समाजात दबक्या आवाजात उच्चारला जाई, त्या देशाच्या नृत्याला परदेशी रंगमंचाने मान दिला. हा मान पाहून येथील सुशिक्षित घरांचीही भीड थोडी चेपली.

ही भीड चेपण्याच्या कामी मुंबईत राहणाऱ्या लीला सोखे यांनी मोठा भाग घेतला. नृत्याच्या जगात त्या ‘मेनका’ (१८९९–१९४७) या नावाने प्रसिद्ध झाल्या. बंगाली ब्राह्मण घराण्यातील ही स्त्री कथ्थक शिकली, तिने हिंदी बॅले बसविले, १९३६ साली आपली मंडळी बर्लिनच्या नृत्यमहोत्सवात नेली, आणि पुढे खंडाळ्याला नृत्यशाळा काढली. तिच्याच मंडळीत लहानपणी गेलेली मुंबईची दमयंती जोशी (१९२८–२००४) पुढे स्वतंत्रपणे नावारूपाला आली. कथ्थक नृत्यात घागऱ्याऐवजी साडी वापरण्याचे श्रेय तिला दिले जाते. येथे देवघेवीची दिशा उलटी झाली आहे. नर्तकीचा वेष घराने घ्यावयाचा, तर त्याऐवजी घराची साडी नर्तकीने घेतली, आणि तिच्या पदराबरोबर घराची प्रतिष्ठाही रंगमंचावर आली. कुलीन मुलींना नृत्यशाळेत घालण्यास कचरणाऱ्या आईबापांना साडीतील नर्तकी पाहून किती धीर आला असेल, हे सांगावयास नको.

परंतु याच्या आधीच, आणि याहून कितीतरी खोलवर, मराठी घराच्या पोशाखावर दोन शक्तींनी प्रभाव गाजविला होता. एक छापील चित्र आणि दुसरी संगीत रंगभूमी. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत शिळाछापखाना काढला आणि त्यांच्या लक्ष्मी, सरस्वती, दमयंती, शकुंतला अल्प किंमतीत घरोघरच्या भिंतींवर जाऊन बसल्या. या चित्रांतील स्त्रियांचे नेसणे पुष्कळदा मराठी धाटणीचे आहे. रविवर्म्यांच्या चित्रांसाठी ज्यांनी प्रत्यक्ष रूप दिले, त्यांत गोमंतकाच्या कलावंत घराण्यातील थोर गायिका अंजनीबाई मालपेकर (१८८३–१९७४) यांचे नाव घेतले जाते. कलावंतिणीला ज्या घरात पाट मांडला गेला नसता, त्या घरात तिची छबी पौराणिक नायिकेच्या रूपाने भिंतीवर विराजमान झाली, आणि त्या घरची सून सणासुदीला त्या चित्रासारखा पदर घेऊ लागली. देवी व पौराणिक नायिका हे येथले मध्यस्थ. त्यांच्याइतके सोवळे दुसरे कोण असणार?

रंगभूमीची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. मराठी संगीत नाटकाचा सुवर्णकाळ चालू होता, तेव्हा स्त्रियांची कामे पुरुष करीत. स्त्रियांच्या स्वतंत्र नाटक मंडळ्या त्या काळी नव्हत्या असे नाही. परंतु त्यांतील बायका कलावंतिणींच्या घराण्यांतील म्हणून शिष्ट कुटुंबे त्यांच्याकडे पाठ फिरवीत. विदर्भाच्या खडी गंमतीतही लुगडे नेसून नाचणारा पुरुषच असे. अशा काळात नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व (१८८८–१९६७), १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत आले आणि शकुंतलेच्या भूमिकेने त्यांनी सर्वांना जिंकले. ‘मानापमाना’तील भामिनी १९११ साली, ‘स्वयंवरा’तील रुक्मिणी १९१६ साली आणि ‘एकच प्याल्या’तील सिंधू १९१९ साली प्रेक्षकांपुढे आली. या तीन भूमिका म्हणजे मराठी स्त्रीच्या वेषभूषेचे तीन धडे होते, असे म्हणता येईल.

बालगंधर्वांना स्वस्त माल रुचत नसे. १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाल्यावर त्यांनी अस्सल पैठण्या, शालू, जरीची वस्त्रे, खरे दागिने आणि उंची अत्तरे यांवर पैसा ओतला. मंडळी कर्जात बुडाली तरी हात आखडला नाही. पदर खांद्यावरून कसा उतरावा, निऱ्या किती घालाव्या, अंबाड्यात फुले कोठे खोचावी, गळ्यात काय असावे आणि काय नसावे, याचा त्यांनी केलेला विचार घरंदाज स्त्रियांच्या बारीक निरीक्षणावर उभा होता. दिव्यांच्या प्रकाशात मागच्या रांगेपर्यंत ठळक दिसावे म्हणून जे थोडे वाढवावे लागते, तेवढे ते वाढवीत. या वाढविण्यातच फॅशनचा उगम असतो. पुण्यामुंबईच्या सुखवस्तू घरांतील स्त्रिया नाटक पाहून आल्या की बालगंधर्वांसारखे नेसत, त्यांच्यासारखा अंबाडा घालीत, आणि सराफाकडे जाऊन भामिनीसारखा दागिना मागत. नाटक मंडळ्यांचे दौरे वऱ्हाडनागपुराकडेही होत. मेहकरसारख्या गावी आजही आगगाडी नाही. अशा ठिकाणी ती तऱ्हा पोहोचावयाची ती माहेरी आलेल्या लेकीच्या अंगावरून. आळीतल्या चारजणी तिच्याभोवती जमत, पदराचा काठ हातात घेऊन पाहत, आणि पुढल्या सणाला तीच नेसण्याची रीत दुसऱ्या चार घरांत दिसे. नवी तऱ्हा पसरविण्याचे याहून खात्रीचे साधन त्या काळी नव्हते.

हे सर्व स्त्रियांनी पुरुषाकडून का घ्यावे? उत्तर साधे आहे. बालगंधर्व पुरुष होते आणि ब्राह्मण होते, म्हणूनच ते घेता आले. तीच पैठणी, तोच गजरा, तीच हातरुमालाची लकब एखाद्या कलावंतिणीने दाखविली असती, तर ती ‘नखरा’ ठरली असती. बालगंधर्वांनी दाखविली तेव्हा ती ‘खानदानी’ ठरली. संगीताच्या बाबतीतही असेच घडले. ‘एकच प्याल्या’तील अनेक पदांच्या चाली पुण्याच्या प्रसिद्ध गायिका सुंदराबाई यांनी दिलेल्या आहेत. बैठकीतील त्या चाली सिंधूच्या मुखातून आल्या आणि घरोघरच्या गृहिणी स्वयंपाक करता करता त्या गुणगुणू लागल्या. ज्या पदाला घरात जागा मिळाली, त्याच्या चालीच्या मालकिणीला ती मिळाली नाही. बालगंधर्वांच्या थोरवीला यामुळे यत्किंचितही बाध येत नाही. बाध येतो तो समाजाच्या न्यायबुद्धीला.

एक गोष्ट मात्र बालगंधर्वांच्या श्रेयाची म्हणून मुद्दाम सांगितली पाहिजे. भामिनी आणि रुक्मिणी यांनी स्त्रियांना नटण्याची रीत शिकविली. सिंधूने उलट धडा दिला. दारूड्या नवऱ्याच्या संसारात दळण दळणारी, जुनेर नेसलेली सिंधूही तितकीच मनोहर दिसू शकते, हे पाहून गरीब घरच्या प्रेक्षक स्त्रीला आपल्या विटक्या लुगड्याची लाज थोडी कमी वाटली असेल. वस्त्राची प्रतिष्ठा किंमतीत नसून नेसणारीच्या वागण्यात असते, हे रंगभूमीने एवढ्या ठळकपणे क्वचितच सांगितले आहे.

पुढे काळ पालटला. सन १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटात दुर्गा खोटे यांच्यासारख्या प्रतिष्ठित घराण्यातील बाई आल्या; १९३३ मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या. हिराबाई बडोदेकर (१९०५–१९८९) यांनी साध्या वेषात, शांतपणे बसून जाहीर मैफली करून गायिकेच्या बैठकीला घरंदाज वळण दिले. याच सुमारास आणि यानंतर शहरांतील तरुण पिढी नऊवारी लुगडे सोडून गोल पातळाकडे वळली. काष्टा गेला, परकर आला. आजी नऊवारीत, आई पाचवारीत आणि नात पोलक्यापरकरातून पुढे पंजाबी पोशाखात, असे दृश्य एकाच माजघरात दिसू लागले.

येथे एक चमत्कारिक गोष्ट घडली. नऊवारी हे मराठी स्त्रीचे रोजचे वस्त्र होते. काष्ट्यामुळे पाय मोकळे राहतात; शेतात वाकता येते, घोड्यावर बसता येते, आणि नाचताही येते. लावणी नाचणारीने नेसले ते लुगडे वेगळ्या जातीचे नव्हते. तेच लुगडे तिने अधिक चापूनचोपून, जरीकाठ ठळक दिसेल अशा बेताने नेसले आणि पायांत चाळ बांधले, एवढेच. घराने जेव्हा नऊवारी टाकली, तेव्हा खेड्यापाड्यांतील कष्टकरी बाया आणि घरोघरच्या म्हाताऱ्या यांच्याखेरीज ती जपली कोणी? तमाशाच्या फडाने. पट्ठे बापूरावांच्या फडातील पवळा हिच्यापासून विठाबाई नारायणगावकरांपर्यंत (१९३५–२००२) नर्तकींच्या पिढ्यांमागून पिढ्यांनी त्या वस्त्राची ऐट रंगमंचावर जिवंत ठेवली. १९४७ च्या ‘लोकशाहीर राम जोशी’पासून २०१० च्या ‘नटरंग’पर्यंत मराठी बोलपटांनी ती पडद्यावर आणली. आणि मग, ज्या नातींनी आजीला नऊवारीतच पाहिले होते पण स्वतः ती कधी नेसली नव्हती, त्यांनी लग्नात, मंगळागौरीत आणि गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत तीच नऊवारी हौसेने मागितली. त्यांनी जी मागितली तिची ठेवण मात्र आजीच्या लुगड्याची नव्हती. बहुधा ती रंगमंचावरच्या लुगड्याची होती. तशी नेसावयास शिकविणारे घरात कोणी उरले नाही म्हणून ती आता विजारीसारखी शिवूनही मिळते, आणि ती शिवलेली नऊवारी नृत्याच्या स्पर्धेलाही चालते व बोहल्यावरही.

म्हणजे घराने टाकलेले वस्त्र नर्तकीने सांभाळले आणि वेळ येताच घराला परत दिले. ठेवीदार म्हणून तिची वर्तणूक चोख होती. घराची वर्तणूक कशी होती? सन २०१५ मध्ये ‘बाजीराव मस्तानी’ हा हिंदी चित्रपट आला, आणि त्यात काशीबाई व मस्तानी या दोघी काष्ट्याच्या साड्या नेसून पिंगा घालताना दाखविल्या, तेव्हा मोठा वाद उठला. इतिहासाला सोडून केलेली ती कल्पना होती, यात शंका नाही. तिच्यावर टीका करण्याचा अधिकारही सर्वांना आहे. परंतु त्या वादातील बोलण्याचा रोख पाहता एक गोष्ट नजरेत भरते. पेशव्यांची पत्नी त्या साडीत दिसली याची खंत फारशी कोणाला वाटली नाही. ती त्या साडीत नाचली याची वाटली. साडी सोवळी झाली होती. नाच अजून ओवळाच होता.

विठाबाईंच्या आयुष्याकडे पाहिले म्हणजे हा हिशेब अधिक स्पष्ट होतो. त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला, त्यांच्या कलेने गावोगावच्या जत्रा गाजल्या, आणि अखेरचे दिवस त्यांनी हलाखीत काढले. आज त्यांच्या नावाने राज्य शासन तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देते, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु सन्मान मरणोत्तर नावाला मिळतो, आणि भाकरी हयात देहाला लागते. ज्या दिवाणखान्यात लावणीच्या धाटणीचा पदर मोठ्या कौतुकाने पाहिला जातो, त्या दिवाणखान्यात एखाद्या फडातील बाईला पाहुणी म्हणून चहा दिला जाईल काय, हा प्रश्न ज्याने त्याने आपल्या घरापुरता सोडवावयाचा आहे.

पोशाखाचा इतिहास बहुधा राजवाडे, गिरण्या आणि शिंप्यांची दुकाने यांच्या आधारे सांगितला जातो. त्यात नर्तकीला मिळालेली जागा अल्प आहे. वस्तुतः वस्त्राची खरी परीक्षा तिच्याच अंगावर होते. घेर किती असला म्हणजे गिरकी देखणी होते, काठ किती रुंद असला म्हणजे दुरून दिसतो, चोळी कशी बेतली म्हणजे हात वर नेताना ओढ बसत नाही, कोणत्या तळव्याने पाय दुखत नाही, हे तिने आपल्या घामाने शोधून काढले. कामार्गोने घोटा मोकळा केला, साले हिने कमर मोकळी केली, काष्ट्याने पाऊल मोकळे ठेवले. आजच्या स्त्रीला चालताना, धावताना, जिना चढताना जी मोकळीक वाटते, तिचा एक हिस्सा तरी अशा स्त्रियांची देणगी आहे.

मराठी घराने या स्त्रियांचे वस्त्र कपाटात ठेवले आहे. परंतु घरातली भाषा अद्याप बदललेली नाही. मूल हट्ट करू लागले की आई म्हणते, ‘तमाशा मांडू नकोस.’ मुलगी आरशापुढे दोन क्षण अधिक रेंगाळली की आजी म्हणते, ‘पुरेत आता नखरे.’ ही वाक्ये बोलणाऱ्या स्त्रियांच्या मनात वाईट काही नसते. पण ज्या मुलीला ती ऐकावी लागतात, तिच्या अंगावर अनारकली असते, तिच्या पायांत बेली असते, आणि लग्नासाठी आणलेली शिवलेली नऊवारी शेजारी घडी करून ठेवलेली असते. अशा वेळी एखाद्या आजीने तेवढी घडी उलगडावी आणि ही नेसण्याची तऱ्हा कोणत्या बायांनी राखली ते नातीला त्यांच्या नावांसह सांगावे. मेहकरच्या कंचनीचे नाव सांगणारे कोणी उरले नाही. पवळा आणि विठाबाई यांची नावे मात्र अजून सांगता येण्यासारखी आहेत.